माईची पाठशाळा

गेल्या फाल्गुनांतील एका रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपल्यावर आमचे धाकटे बंधु ओटीवर आले व कागदांचा एक जाडजूड गठ्ठा आमच्यापुढें ठेवून म्हणाले, “दादा, एवढं जरा वाचून पाहा. माईला म्हणे नवरा-बायकोची भांडणं सोडवायचं शिक्षण घ्यायचं आहे.”

बंधूंच्या स्वरांत थट्टा होती, तशी काळजीही होती. माई ही त्यांची थोरली कन्या, वय बावीस, मुंबई विद्यापीठाची, मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. आमचें घर चंदनसारचें. जीवदानीचा डोंगर ओटीवरून दिसतो. आमच्या लहानपणीं भोंवतालीं भातखाचरें होतीं. आज इमारती आहेत आणि त्यांच्या दारांत पाण्याचे टँकर उभे असतात. २००९ सालीं महानगरपालिका आली, २०१४ सालीं ठाणें जिल्हा जाऊन पालघर जिल्हा झाला. परंतु आमच्या घरीं अद्यापि एका वेळेस अकरा पानें मांडलीं जातात आणि मुलीच्या शिक्षणासारखा प्रश्न अकराही जणांचा असतो. आम्ही त्यांतले वडील; जुन्या अकरावीचे मॅट्रिक, पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलेले व पस्तीस वर्षें मास्तरकी करून निवृत्त झालेले. म्हणजे इंग्रजी माहितीपत्रकें वाचण्यास घरांतील सर्वांत अयोग्य मनुष्य! तथापि ज्याला कांहीं उद्योग नाहीं त्याच्याकडे कागद येतात, हा सर्वच एकत्र कुटुंबांचा नियम आहे.

भावजयीची हरकत अगोदरच नोंदली गेली होती. लोकांच्या घरचीं धुणीं आपल्या मुलीनें कां धुवावींत, आणि जिचें स्वतःचें लग्न झालें नाहीं तिनें लग्न झालेल्यांना काय सांगावें? यावर माईनें “आई, बाळंतपण करणारे डॉक्टर काय स्वतः बाळंत झालेले असतात?” असें उत्तर दिलें व तें पानावर हंशा होऊन तेवढ्यापुरतें मिटलें. पण भावजयीचा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचें खरें उत्तर आम्हांस पुढें मिळालें, तें वेगळ्याच ठिकाणीं.

पत्रकांत जागोजाग आढळणाऱ्या ‘समुपदेशन’ या शब्दापाशींच आम्ही प्रथम अडलों. जन्माची खोड! उपदेश हा शब्द आमच्या धंद्याचा. तो आम्हीं पस्तीस वर्षें बाकांवर बसलेल्यांना उभ्यानें केला. पण धातु पाहिला तर दिश् म्हणजे दाखविणें, उप म्हणजे जवळ, आणि सम् म्हणजे बरोबर, नीट. जवळ बसून, बरोबरीनें दाखविणें, एवढाच त्याचा अर्थ. वरून खालीं सांगणें हा अर्थ आमच्यासारख्या मास्तरांनीं त्यास चिकटविला असावा. माईस हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, “मोठेकाका, आम्हांला पहिल्या वर्गांत हेंच शिकवतात, की सल्ला देऊं नका.” सल्ला न देण्याचें शिक्षण दोन वर्षें घ्यावें लागतें, हें ऐकून बंधूंनीं कपाळास हात लावला.

गठ्ठ्याच्या सर्वांत वर असलेला कागद सर्वांत गुळगुळीत होता. सहा आठवडे, घरबसल्या, रविवारीं दोन तास. शेवटीं चौकट काढलेलें प्रमाणपत्र व नांवापुढें लावावयास एक पदवीसारखी दिसणारी अक्षरें. फी आगाऊ. बंधूंस हा मार्ग पसंत होता, कारण त्यांत मुलगी घरींच राहते. त्या संस्थेचें नांव आम्ही येथें देत नाहीं. अशा पुष्कळ आहेत. सहा आठवड्यांत आम्हीं मुलांस ‘देव’ शब्द चालविण्यास शिकविला आहे. सातव्या आठवड्यांत तीं तो विसरलीं आहेत. तो कागद आम्हीं बाजूस ठेवला.

दुसरा कागद माईच्या मामांनीं कॅलिफोर्नियाहून धाडलेला. त्या देशीं ‘मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट’ हा परवान्याचा व्यवसाय आहे. १९४२ सालीं तेथें विवाह-समुपदेशकांची संघटना निघाली, १९६३ सालीं कॅलिफोर्नियानें त्यांना परवाना देण्याचा कायदा प्रथम केला आणि आज पन्नासही संस्थानांत तसे कायदे आहेत. उच्च पदवी घ्यावयाची, मग जाणत्या परवानाधारकाच्या नजरेखालीं काम करून तासांची नोंद भरावयाची, मग परीक्षा. कॅलिफोर्नियांत हे तास ३,००० असून ते निदान १०४ आठवड्यांत पसरलेले असावे लागतात. वाचून आमच्या मनांत त्या लोकांविषयीं आदर उत्पन्न झाला. नुसत्या पुस्तकावर भिस्त न ठेवतां तास मोजून घेणारी ही विद्या आहे. आमच्या पाठशाळेंत संथा घेत तशी.

पण मास्तराच्या संवयीनें आम्हीं दुसरें कोष्टक शेजारीं ठेवलें. शिकावयास गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यास अशा विषयांत पदवीनंतर काम करण्याची मुभा सामान्यतः १२ महिन्यांची असते. शिकत असतांनाचे कांहीं तास जमेस धरतां येतात. तरी राहिलेले तास, परीक्षा आणि परवाना हें सर्व बारा महिन्यांत बसविणें फार कठीण. म्हणजे कर्ज काढून गेलेली मुलगी पदवी घेऊन, परंतु परवान्याविना, परत येण्याचा संभव मोठा. आणि परवाना मिळाला तरी तो त्या संस्थानापुरता; हिंदुस्थानांत त्यास जुळणारें रजिस्टरच नाहीं. ज्यांस तेथेंच कायमचें राहावयाचें आहे त्यांचा हिशेब निराळा. माईस राहावयाचें नव्हतें. मामांनीं खर्चाचा आंकडा सांगितला तेव्हां बंधु कांहीं बोलले नाहींत, नुसते उठून विहिरीकडे गेले.

येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. मनाचा रोगी हा एकटा रोगी नसून त्याच्या घराकडे पाहिल्यावांचून त्याचें दुखणें कळत नाहीं, हा विचार पश्चिमेंत १९५० नंतर जोरांत आला. त्याच सुमारास अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं रोग्यांच्या घरच्या माणसांना आवारांत तंबू ठोकून राहावयास लावलें, आणि बंगळूरच्या निम्हान्समध्यें आज कुटुंबासह दाखल होण्याची सोय असलेला स्वतंत्र विभाग आहे. त्या दृष्टीनें पाहतां ही विद्या आपल्याला अगदींच परकी नाहीं.

आतां घरच्या वाटा. आपल्या देशांत ‘विवाह व कुटुंब-उपचारक’ या नांवाचा स्वतंत्र परवाना नाहीं, आणि सारा घोंटाळा तेथून सुरू होतो. बसावयाची खुर्ची एकच, पण तिच्याकडे जाणारीं दारें तीन. ज्यास ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यावयाचें त्यास १९९२ च्या कायद्यान्वयें भारतीय पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरांत नांव लागतें. त्यासाठीं आजवर एम. फिल. करीत, परंतु नव्या शैक्षणिक धोरणानें ती पदवीच मोडीत निघाली व या विषयापुरती तिला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत मिळाली. तेव्हां एखाद्या वडील बहिणीच्या जुन्या पत्रकावरून कोणीं बेत करूं नये. दुसरें दार मानसशास्त्राच्या एम. ए. चें, मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग कलिन्यास आहे, त्यास समुपदेशन-केंद्रही जोडलेलें आहे. या वाटेनें गेलेलीं माणसें दवाखान्यांत, शाळांत, किंवा डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं ठाण्यास काढलेल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेसारख्या ठिकाणीं काम करतात. २०२१ सालीं संसदेनें संलग्न आरोग्य-व्यवसायांसाठीं जो कायदा केला त्यांत अशा मानसशास्त्रज्ञांचा व समुपदेशकांचा समावेश आहे.

तिसरें दार समाजकार्याचें, आणि त्याचा आम्हीं मुळींच विचार केला नव्हता. समाजकार्य म्हणजे पूर आला कीं धान्य वांटणें, अशी आमची समजूत. वस्तुतः या देशांतील तें शिक्षण मुंबईंतच सुरू झालें. क्लिफर्ड मॅन्शार्ट नांवाच्या अमेरिकन गृहस्थांनीं नागपाड्यास वस्तीच्या लोकांसाठीं घर चालविलें होतें. त्यांच्याच पुढाकारानें १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवाची समाजकार्याची शाळा निघाली. १९४४ सालीं तिचें नांव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालें आणि पुढें ती देवनारला गेली. याच संस्थेनें १९८४ सालीं मुंबईच्या पोलीस खात्यांत स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन चौकीवर आलेल्या बाईशीं फौजदाराआधीं बोलणारी शिकलेली बाई तेथें बसूं लागली. त्याच १९८४ सालीं कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. त्यांत न्यायाधीशांस समेटाचा यत्न प्रथम करावा लागतो व त्याकरितां समुपदेशक नेमलेले असतात. महाराष्ट्रांत या जागेस समाजकार्याची उच्च पदवी आणि कुटुंब-समुपदेशनाचा दोन वर्षांचा अनुभव मागतात. मानसशास्त्राची एम. ए. कितीही वरच्या वर्गांत झाली तरी ती किल्ली या कुलुपास लागत नाहीं. पदवीच्या फॉर्मावर सही करण्यापूर्वीं कुलूप कोणतें उघडावयाचें आहे हें मुलीस विचारावें, एवढें ज्ञान आम्हांस महिनाभर कागद वाचून झालें.

१९८४ हें साल वाचून मात्र आम्ही चष्मा काढून ठेवला. त्याचें कारण सांगतों.

माईनें एक दिवस मोठा कागद आणून आमच्या घराचा वंशवृक्ष काढावयास घेतला. या विद्येंत तो निराळ्या रीतीनें काढतात. पुरुषांस चौकोन, स्त्रियांस वर्तुळ. लग्नाची रेघ सरळ. नवरा-बायको वेगळीं राहत असल्यास तिच्यावर एक तिरकी रेघ, घटस्फोट झाला असल्यास दोन. भांडण असेल तेथें वांकडीतिकडी करवती रेघ, दुरावा असेल तेथें तुटक. आमच्या कुलवृत्तांतांत पुरुषांची सात पिढ्यांची नांवें आहेत, मुलींची नांवें बहुतेक गाळलेलीं. माईच्या कागदावर आमच्या आजीच्या दोन मेलेल्या मुलींचींही वर्तुळें होतीं. काढतां काढतां तिनें आक्काच्या लग्नरेघेवर एक तिरकी रेघ ओढली आणि सहज विचारलें, “मोठेकाका, तुमच्या नि आक्काआत्याच्या मध्यें कोणती रेघ काढूं?”

आम्ही म्हणालों, “सध्यां राहूं दे.”

आक्का ही आमची पाठची बहीण. १९८२ सालीं तिचें लग्न झालें. १९८५ च्या दिवाळींत माहेरीं आली ती परत जाईना. कारण सांगेना. तेव्हां आमचे वडील हयात होते. त्यांनीं तो प्रश्न आमच्याकडे सोंपविला, कारण आम्ही शिकलेले, शास्त्र जाणणारे व पगारदार. आमचें वय त्या वेळीं अठ्ठावीस. आम्ही एस. टी. नें तिच्या सासरीं गेलों. सासरे सभ्य, जांवई अबोल. पोहे झाले, चहा झाला. आम्हीं गृहस्थाश्रमाविषयीं चांगलें अर्धा तास बोललों, आणि आमच्या बोलण्याचा परिणाम झालेला पाहून आम्हांस समाधानही वाटलें. घरीं येऊन आक्कास सांगितलें, “सगळं मिटलं आहे.” चौथ्या दिवशीं आम्हीं तिला स्वतः पोंचविली. वि-वह् या धातूपासून विवाह शब्द होतो. वाहून नेणें हा त्याचा अर्थ. आक्कास एकदां तिच्या नवऱ्यानें वाहून नेलें, दुसऱ्यांदा आम्हीं.

या सर्व खटपटींत आम्ही तिच्याशीं एकटीशीं पांच मिनिटेंही बोललों नव्हतों. १९९१ च्या पावसाळ्यांत ती मुलाचा हात धरून कायमची परत आली, तेव्हां तिला डाव्या कानानें ऐकूं येत नव्हतें. कसें तें आम्हीं विचारलें नाहीं, तिनें सांगितलें नाहीं. तेव्हांपासून ती आमच्या घरांत आहे; माई तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. कोणी बोलूं लागलें कीं ती उजवी बाजू पुढें करते, आणि घरांतील लहान मुलेंसुद्धां न सांगतां तिच्या उजवीकडे बसतात.

भावजयीच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें मिळालें. आम्ही विवाहित होतों, वडीलधारे होतों, हेतु शुद्ध होता, जिभेवर शास्त्र होतें. नव्हती ती फक्त तालीम. आमची तालीम मास्तरकीची. तींतसुद्धां ट्रेनिंगच्या वेळीं सराव-पाठ घेतांना मागच्या बाकावर निरीक्षक बसत, पाठटांचण तपासीत, आणि “आपण स्वतःच फार बोलतां” असा शेरा आमच्या वहींत त्यांनीं तीनदां लिहिलेला आहे. चाळीस मुलांस गुणाकार शिकविण्यापूर्वीं आमच्यामागें निरीक्षक बसविला. एका बाईच्या आयुष्याचा निकाल लावतांना मागें कोणीच नव्हतें.

म्हणून माईस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं संस्थेची इमारत, नांव, देश हें सर्व तूं पाहा. आम्हांस एकच विचारावयाचें आहे. तुझ्या मागच्या बाकावर कोण बसणार? तिनें सांगितलें कीं या विद्येंत कांहीं ठिकाणीं त्यासाठीं खास कांच असते. कुटुंबाच्या बाजूनें तो आरसा दिसतो, आणि पलीकडे गुरु व सहाध्यायी बसून सर्व पाहतात, अर्थात् कुटुंबाची संमति घेऊन. समाजकार्याच्या शाळांत कांच नसली तरी वस्तींत, रुग्णालयांत, पोलीस-कक्षांत प्रत्यक्ष काम करावें लागतें, त्याची दैनंदिनी लिहावी लागते आणि ती वाचून देखरेख करणारा शिक्षक खोदून विचारतो.

चैत्रांत माई व तिचे वडील तीन ठिकाणीं जाऊन आले. कलिना, देवनार, आणि चर्चगेटजवळचें निर्मला निकेतन, जें १९५५ पासून समाजकार्य शिकवीत आहे. हें शेवटचें नांव निघतांच घरांत थोडी कुजबूज झाली, कारण तें कॅथॉलिक जोगिणींनीं स्थापलेलें. पण वसईकरांना जोगिणींच्या शाळा नवीन नाहींत, आणि भावजय स्वतः अशाच एका शाळेंत शिकलेली. तिनेंच ती कुजबूज बंद केली. माईनें प्रश्नांची वही नेली होती. प्रत्यक्ष कामाचे दिवस किती? एका शिक्षकाकडे विद्यार्थी किती? नवरा-बायको समोर बसवून बोलण्याची संधि मिळते कीं नुसता चौकशीचा फॉर्म भरावयाचा? गेल्या वर्षीं बाहेर पडलेल्या कोणाशीं बोलतां येईल काय? उत्तरें तिनें उतरवून आणलीं. तीं दरवर्षीं बदलतात म्हणून येथें देत नाहीं. परंतु आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी मुलगी किंवा मुलगा असेल त्यांनीं प्रश्न खुशाल उचलावेत. एका ठिकाणीं, कोठें तें सांगत नाहीं, चौथा प्रश्न विचारतांच समोरच्या गृहस्थांचा चेहरा उतरला, असें बंधु म्हणाले. आणि बंधूंचें मत त्या क्षणापासून मुलीच्या बाजूनें फिरलें.

माईनें समाजकार्य ठरविलें. देवनार व चर्चगेट दोन्हीकडे अर्ज गेले आहेत. देवनारास दादरला आणि कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडीस उतरावें लागतें. चर्चगेटास विरारची गाडी सरळ जाते. घरांतील बायकांचा कल या एका कारणावरून चर्चगेटकडे आहे. मानसशास्त्र सुटलें याची तिला थोडी रुखरुख आहे. पुढें कुटुंब-उपचाराचें वेगळें शिक्षण घेईन म्हणते. घ्यावें. पाठशाळेंत आम्हांस व्याकरण संपावयास सहा वर्षें लागलीं होतीं.

अर्ज गेल्याच्या संध्याकाळीं आक्का ओटीवर तांदूळ निवडीत बसली होती. आम्ही तिच्या उजवीकडे जाऊन बसलों. इतक्या वर्षांनीं तो विषय काढतांना शब्द नीट जुळेनात, कसेंबसें विचारलें, “पंच्याऐंशी सालीं मी तुला काय विचारायला हवं होतं?”

तिनें ताट हालवून एक खडा बाहेर टाकला. म्हणाली, “विचारायचं काही नव्हतं, दादा. अण्णांना तू एवढंच सांगायचंस, की हिला चार महिने इथं राहू दे. मग मी आपण होऊन बोलले असते.”

“आतां सांगशील?”

“आतां तुला ऐकवायचं नाही,” ती म्हणाली. “माईला सांगितलं आहे. गेल्या वर्षीं.”

आम्हांस हें ठाऊक नव्हतें. माईनें घरांत कोणाजवळ त्यांतला एक शब्द काढला नव्हता. त्या कागदावर रेघ ओढतांनासुद्धां नाहीं. दिवेलागण झाली, आक्का ताट घेऊन आंत गेली. प्रवेशाच्या मुलाखती अद्याप व्हावयाच्या आहेत. बंधूंनीं मासिक पासाची चौकशी करून ठेवली आहे.